वही फाडू नकोस, आणि त्याची परीक्षाही घेऊ नकोस

पत्र थोडक्यात असं. इंदूरची एक वाचक आहे, वय 34, बँकेत नोकरी, माहेर रामबागेत. कॉलेजपासून बॅटमॅन वाचते आणि एक जाडजूड वही ठेवलीय, त्यात कुठल्या गोष्टीनंतर कुठली गोष्ट, कोण कधी रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरगा जोडीदार, झाला, कोण मेला, कोण परत आला, सगळं क्रमाने लिहिलेलं. इंजिनिअरिंगला असलेल्या आतेभावाला कॉमिक्सची गोडी हिनेच लावली. आता तो नवा अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन वाचतो आणि म्हणतो माझा बॅटमॅन हाच, तुझी वही काय कामाची, दर रीलॉन्चला, म्हणजे मासिकं नव्याने सुरू करताना, कंपनीच सगळं पुसून टाकते. गणपतीत सगळे जमले असताना वाद पेटला, हिने सगळ्यांसमोर विचारलं की टिम ड्रेक रॉबिन कसा झाला ते सांग आधी, मग बोल. त्याला सांगता आलं नाही, ही म्हणाली, "मग फॅन कसला तू, नुसती चित्रं बघतोस." तो ताटावरून उठला, भावंडांच्या ग्रुपमधून बाहेर पडला, तेव्हापासून बोलणं बंद. तिचे प्रश्न तीन आहेत. मी बोलले त्यात खोटं काय होतं? जे पुसलं गेलं त्याचं अजून वाईट वाटतं हा बालिशपणा आहे का? आणि अख्खा संग्रह विकून मोकळी होऊ का?

अगं, मी आधी दुसरा प्रश्न घेते, कारण मला वाटतं बाकीचे दोन त्याच्याच पोटातून आलेत. नाही, बालिशपणा नाहीये. तू ओरॅकलबद्दल जे लिहिलंयस ना, ते वाचल्यावर तर अजिबात नाही. 1988 मधे जोकरने बार्बरा गॉर्डनला गोळी घातली आणि तिची बॅटगर्ल संपली, आणि ते तसंच सोडून दिलं असतं तर ती फक्त बॅटमॅनला आणि तिच्या वडलांना दुःख व्हावं म्हणून जखमी केलेली एक बाई एवढीच उरली असती. पण जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या नवराबायकोने 1989 मधे सुइसाइड स्क्वाडमधे तिला ओरॅकल म्हणून परत आणलं, व्हीलचेअरवर बसून कॉम्प्युटरवरून अख्ख्या सुपरहिरो मंडळींना माहिती पुरवणारी, जिच्याकडे बॅटमॅनलाही विचारायला यावं लागतं अशी. तुझी आई अपघातानंतर व्हीलचेअरवरून गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि त्याच वर्षांत तुला ओरॅकल सापडली, हे वाचल्यावर 2011 ला तुझं काय झालं असेल ते कोणी समजावून सांगायला नको. तेव्हा बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने फ्लॅशपॉइंट ही मालिका संपवून 52 मासिकं एकदम नंबर एकपासून सुरू केली, न्यू 52 म्हणून, आणि बार्बरा परत चालायला लागली, परत बॅटगर्ल. गोळी लागली होती हे राहिलं, ओरॅकल म्हणून तिने उभं केलेलं सगळं गेलं. आणि लिहिणारी गेल सिमोनच होती, जिने बर्ड्स ऑफ प्रेमधे वर्षानुवर्षं ओरॅकल लिहिली होती, म्हणजे पात्रावर जीव नसलेल्या कोणी परक्याने केलं असंही म्हणता येत नाही. बऱ्याच मुलींना ती बॅटगर्ल मनापासून आवडली. तरीही जे गेलं ते गेलंच, तशी नायिका दुसरी नव्हती, आणि तुला त्याचं वाईट वाटतं ते बरोबर आहे. उगाच "कॉमिक्सच तर आहे" म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, की आधी एक नीट, अखंड, खरी हकीकत होती आणि मग कंपनीने ती मोडली. तशी ती कधीच नव्हती गं. तुझ्या वहीचं पहिलं पान तू कुठून सुरू केलंस ते मला माहीत नाही पण जिथून केलंस त्याच्या आधीही पुसापुसी झालेलीच आहे. डीसीच्याच फ्लॅश या वेगवान हिरोचं बघ. 1940 चा जे गॅरिक, डोक्यावर पंखवालं लोखंडी टोपडं घातलेला, त्याचं मासिक बंद पडलं. 1956 मधे बॅरी अ‍ॅलन नावाचा नवाच फ्लॅश काढला आणि मजा म्हणजे तो जे गॅरिकची कॉमिक्स वाचायचा, म्हणजे जुन्या वाचकांचा हिरो नव्या हिरोसाठी गोष्टीतलं पात्र होऊन बसला. तेव्हाच्या जुन्या वाचकाला काय वाटलं असेल विचार कर. मग 1961 मधे गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनोने दोघांची भेट घडवली, सांगितलं की जे दुसऱ्या पृथ्वीवर राहतो, तो खराच आहे. मला अजूनही वाटतं की कंटिन्युइटीच्या, म्हणजे सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या, भानगडीत वाचकांशी एवढं प्रेमाने फार कमी वेळा कोणी वागलंय. कोणाला खोटं पाडलं नाही, दोघांना जागा दिली.

मग पृथ्व्या वाढत गेल्या, नव्या वाचकाला गोंधळ होतो म्हणून 1985 मधे मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझने क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स हे बारा अंकांचं काढून सगळ्या पृथ्व्यांची एक केली. आवराआवर करायला गेले आणि नवे गुंते झाले, कारण पुढच्या वर्षी जॉन बर्नने सुपरमॅन नव्याने लिहिला तेव्हा ठरलं की तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच, आता भविष्यातली लीजन ऑफ सुपरहिरोज ही टोळी तर सुपरबॉयकडे बघूनच जमलेली, 1958 पासून त्याच्याबरोबर हिंडलेली, मग ती कोणाबरोबर हिंडली? शेवटी एक छोटं वेगळं विश्वच काढावं लागलं, त्यातला सुपरबॉय म्हणे त्यांना भेटायचा. म्हणजे एक धागा ओढला की तीस वर्षांच्या गोष्टींना भोक पडतं, आणि ते बुजवायला आणखी तीन गोष्टी लिहाव्या लागतात. तू ज्याला मूळ म्हणतेस त्यातला बराचसा बॅटमॅन या क्रायसिसच्या नंतरचा आहे. दुसरा रॉबिन जेसन टॉड क्रायसिसच्या आधी पहिल्या रॉबिनसारखाच, म्हणजे डिक ग्रेसनसारखाच, सर्कशीतला मुलगा होता, नंतर तो बॅटमोबिलची चाकं चोरणारा रस्त्यावरचा पोरगा झाला, आणि तुला तोच जेसन आवडतो. तो रीलॉन्चमुळेच मिळाला ना तुला?

हे सगळं मी तुझी वही फालतू आहे हे सांगायला लिहीत नाहीये, उलट आतेभावाचं "कंपनीच पुसते, मग लक्षात कशाला ठेवायचं" हे मला पटत नाही. 2011 ला वाचकांनी जे आक्षेप घेतले त्यातले बरेच अगदी रास्त होते आणि ते घेता आले कारण लोकांनी तुझ्यासारखा हिशोब ठेवला होता. नव्या जगात सुपरहिरो उघडपणे वावरायला लागून पाचच वर्षं झाली असं ठरलं, पण बॅटमॅनचे डिक, जेसन, टिम आणि डेमियन चौघं कायम, आणि डेमियन तर दहा वर्षांचा पोटचा मुलगा. पाच वर्षांत चार जोडीदार कसे बसवायचे? हे वाचकाचं खुसपट काढणं नाही, ही लिहिणाऱ्यांची ढिलाई होती, कारण मॉरिसनचा बॅटमॅन आणि जेफ जॉन्सचा ग्रीन लँटर्न यांच्या चालू गोष्टी जवळपास तशाच पुढे नेल्या आणि शेजारच्या मासिकांत सगळं पहिल्यापासून, आता एकाच घरात एक खोली जुनी आणि एक नवी असेल तर उंबरठ्यावर ठेच लागणारच. सुपरमॅन आणि लोइस यांचं 1996 मधलं लग्न नाहीसं झालं, बॅरीनंतर फ्लॅश झालेल्या वॉली वेस्टचा पत्ताच नव्हता. आणि पुढे काय झालं ते तुझ्याच वहीत असेल, 2016 च्या रीबर्थमधे वॉली परत आला, त्याच अंकात कथाच अशी रचली होती की कोणीतरी या जगाची वर्षं चोरलीत, आणि 2017 मधे सुपरमॅनचे दोन्ही भूतकाळ जोडून लग्न आणि मुलगा दोन्ही कायम केले. लक्षात ठेवणारे वाचक नसते तर परत आणायचं कोणासाठी?

आता अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनकडे येऊ, कारण भांडण त्यावरून झालंय आणि खरं सांगायचं तर ते भांडण्यासारखं पुस्तक नाही. ऑक्टोबर 2024 पासून स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा काढतायत ते वेगळ्या पृथ्वीवरचं आहे. तुझा नेहमीचा बॅटमॅन बाजूला चालूच आहे, त्याचं काही पुसलेलं नाही, म्हणजे 2011 ची जखम तू 2024 च्या पुस्तकावर काढतेयस. तू लिहिलंयस की "ब्रूसची आई जिवंत, पैसा नाही, बंगला नाही, आल्फ्रेड बटलर नाही, मग उरलं काय?" हाच प्रश्न आपल्या आतेभावाच्या जागेवरून विचारून बघ. त्यातला ब्रूस नोकरी करणारा इंजिनिअर आहे, वडील शाळेत शिकवायचे, ज्यांना तू खलनायक म्हणून ओळखतेस ती ऑस्वाल्ड, हार्वी, वेलन ही त्याची लहानपणची दोस्तमंडळी. मध्यमवर्गीय घरातलं इंजिनिअरिंगचं पोर, रोज बसने कॉलेजला जाणारं, त्याला अब्जाधीश बॅटमॅनपेक्षा हा जवळचा वाटला यात त्याचं अज्ञान कुठे आलं? तुला ओरॅकलमधे आई दिसली. त्याला यात काय दिसलं ते तू विचारलंच नाहीस, माझ्या मते सगळ्या पत्रात राहून गेलेली गोष्ट ती हीच.

आणि आपण मराठी माणसांनी तरी एकच खरी हकीकत असा हट्ट का धरावा? पुण्याच्या भांडारकर संस्थेने देशभरातली हजारावर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, सुखटणकरांसारख्या माणसाने त्यात आयुष्य घातलं, 1966 ला ते काम पुरं झालं, आणि त्यात व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय हा प्रसंग मूळ संहितेत धरलेला नाही, तो परिशिष्टात आहे. द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणून हसते ते तर आपल्याला सगळ्यात जास्त पाठ असलेलं, तेही त्यात नाही. म्हणून कोणा आजीने ते सांगायचं थांबवलं का? पण संशोधकांचं काम वायाही गेलं नाही, कुठली ओळ कुठल्या पोथीत आहे आणि कुठल्या पोथीत नाही हे त्यांनी पानापानाखाली लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला आज कळतं की कुठली गोष्ट कुठून आली. तुझी वही त्या जातीचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या विद्वानांनी परिशिष्टातली गोष्ट आवडणाऱ्याला ताटावरून उठवलं नाही.

इंदूरचं तर आणखी जवळचं उदाहरण आहे, आपल्याकडे मराठी घरांतली पोरंसुद्धा हिंदी राज कॉमिक्सवर वाढली. नागराज 1986 मधे आला तेव्हा तो अतिरेक्यांना भाड्याने द्यायचं हत्यार म्हणून प्रोफेसर नागमणी नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलेला होता, मग तो त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला, पुढे त्याची शक्ती, त्याचं कूळ, त्याचं शहर किती बदललं, आणि नंतर तर वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळे नागराज निघाले. खजुरी बाजारात जुनी कॉमिक्स चाळणारा माणूस यातलं हाती लागेल ते वाचायचा, मधले अंक नाहीच मिळायचे, गोष्ट डोक्यात जुळवून घ्यायची. ते वाचणारे काय कच्चे फॅन होते का?

आता टिम ड्रेक. तू विचारलेला प्रश्न मला फार लागला, कारण त्याचं उत्तर तुझ्या बाजूने नाहीये. टिम लहान असताना सर्कशीत डिक ग्रेसनची ती चार कोलांट्यांची उडी बघतो, पुढे रॉबिन तीच उडी मारताना दिसतो आणि तो ओळखतो की रॉबिन म्हणजे डिक, म्हणजे बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. कोणी सांगितलं नव्हतं त्याला, तो बघत राहिला, जीव लावून बघत राहिला. नुसती चित्रं बघणाऱ्या पोरालाच बॅटमॅनच्या घरात जागा मिळाली की नाही? आणि हे 1989 चं उत्तर झालं. न्यू 52 मधे टिमने रॉबिन नावच घेतलं नाही, जेसनच्या आठवणीसाठी तो सुरुवातीपासून रेड रॉबिन, म्हणजे त्या दिवशी त्याने उलट विचारलं असतं की "ताई, कुठल्या सालचा टिम?" तर तू काय म्हणाली असतीस? म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तू माहिती खोटी दिली नाहीस, पण माहितीचा तू दरवाजा केलास आणि स्वतः त्यात उभी राहिलीस, ते चूक.

आता काय करायचं ते. त्याला भेट, ग्रुपवर लिहू नकोस, मेसेजवर तर नकोच, आणि "मी बरोबर होते पण बोलायची पद्धत चुकली" असली अर्धी माफी नको, ती ऐकली की माणूस आणखी चिडतो. सगळ्यांसमोर त्याचा अपमान केलास तर माफीतला थोडा भाग तरी सगळ्यांसमोर यायला हवा, आत्याच्या घरी जा, आत्याच्या समोर म्हण की मी तुला असं बोलायला नको होतं. कॉमिक्सचा विषय त्या दिवशी काढू नकोस, त्याने काढला तर ऐक. नंतर कधीतरी त्याच्याकडून अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनचे पहिले सहा अंक मागून घे आणि पूर्ण वाच, मधे खुणा न करता, आणि मग आवडलं नाही तर तसं सांग, ते चालेल, न वाचता सांगितलं ते चालत नाही. बदल्यात त्याला तू काय द्यायचं ते मी सांगेन, क्रम लावून दिलेले चाळीस अंक देऊ नकोस, पोराचा जीव घाबरतो. ओरॅकलची एकच चांगली गोष्ट दे आणि का आवडते ते आईच्या शिकवण्यांसकट सांग. मला शंका आहे की हे तू त्याला कधी सांगितलंच नसशील, त्याला फक्त तारखा सांगितल्या असशील.

वही चालू ठेव, पण मांडणी बदल. आत्ता तू लिहिलेल्या नमुन्यावरून तुझ्याकडे "झालं" आणि "रद्द" असे दोन रकाने दिसतात, ते दर रीलॉन्चला खोडावे लागतात आणि दर वेळी तुझा जीव जळतो. त्याऐवजी गोष्ट, कुठल्या महिन्या-वर्षाचा अंक, कोणी लिहिली, कोणी काढली, कुठली पृथ्वी, आणि पुढे कुठल्या गोष्टीने त्यात काय बदललं, एवढं लिही. छापल्याची तारीख कुठलंही रीलॉन्च बदलू शकत नाही, 1989 चा अंक 1989 चाच राहणार. शेवटी एक रकाना मोकळा ठेव, वाचताना आपल्याला काय वाटलं त्याचा, आणि तो भावालाही भरू दे.

अशीच पत्रं मला मार्व्हलवाल्यांचीही येतात, 2007 मधे स्पायडरमॅन पीटर आणि मेरी जेनचं वीस वर्षांचं लग्न सैतानाशी सौदा करून मिटवलं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि मला त्यांचा राग पटतो, खुद्द ती कथा लिहिणाऱ्या स्ट्रॅझिन्स्कीलाही तो शेवट मान्य नव्हता. त्यांना मी हेच सांगते की रागात दर महिन्याला पैसे घालून वाचू नका. जे मासिक फक्त सवयीने किंवा शिव्या द्यायला घेताय ते बंद करा, मोठी घोषणा न करता बंद करा, आणि त्या पैशात जे आवडलं होतं त्याची एकत्रित आवृत्ती घ्या. 2024 पासून हिकमन आणि केकेट्टोचा वेगळ्या विश्वातला स्पायडरमॅन सुरू झाला, त्यात पीटर आणि मेरी जेनचा संसार आहे, दोन मुलं आहेत, ज्यांना तेच हवं होतं त्यांनी तो तरी वाचा, "मूळ" नाही म्हणून नाक मुरडू नका.

राहिला संग्रह विकायचा प्रश्न. आत्ता विकू नकोस. तुला जागा हवी असेल, पैशाची नड असेल, किंवा खरोखर वाचून झालं असेल तर विकायला काहीच हरकत नाही, पण तुझ्या पत्रात यातलं एकही कारण नाही, तिथे फक्त भावाने वहीला फालतू म्हटलं एवढंच आहे. भांडणाच्या भरात विकलेले अंक परत घ्यायला गेलीस तर दुप्पट पैसे मोजूनही तीच प्रत मिळणार नाही. दिवाळीच्या आवराआवरीत सगळं बाहेर काढ, पावसाळ्यात ओल लागली असेल तर उन्हात नको, पंख्याखाली वाळव, कसर बघ, पिशव्या आणि पुठ्ठे बदल, आणि या कामाला भावाला बोलाव. दोन्ही हातांनी धरायला माणूस लागतोच. त्यात ज्या प्रती दोन-दोन आहेत त्या त्याला निवडू दे, आणि न्यू 52 ची बॅटगर्ल तू रागाने न वाचता ठेवून दिलीयस म्हणालीस ना, ती आधी त्याच्या हातात दे.